खबर देणाराचे नाव

रेल्वे कॉलनी, दौंड
१२ ऑगस्ट २०२५

दादा,

आठ वर्षांनी तुझं पत्र आलं, म्हणून आधी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं. पोस्टमन चुकला असेल असंच वाटलं. आत अक्षर सुरजच्या बायकोचं, अक्षदाचं. तुझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पत्रं तीच लिहिते आणि आलेली वाचूनही तीच दाखवते, असं तू तिच्याच हातून लिहवून घेतलंस. पोरीचं अक्षर छान आहे. तुझं कधीच नव्हतं.

काम काय, तर सुरजला ग्रामपंचायतीला उभं करायचंय, जागा राखीव आहे आणि जात पडताळणीला एकसष्ट सालाच्या आधीचा घरातला कागद हवा. तो कॉम्प्युटरवर सापडतो आणि अनसा ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते, एवढं तुला कुणीतरी सांगितलं. आईच्या दहाव्याला मी दौंडहून नेलेल्या बाटलीतलं पाणी प्याले, तेव्हा तू चारचौघांत म्हणाला होतास, "आमच्या घरचं पानी बाटलंय का? मग हितं पाय बी ठिऊ नगं." मी ठेवला नाही. आता कामापुरती का होईना बहीण आठवली, हेही पुष्कळ झालं.

तुझ्या पत्राला नाही म्हणणार होते. पण यांच्या माघारी रेल्वेत लागल्यापासून वीस वर्षं माझं आयुष्य रजिस्टरांत गेलं. जुनी नोंद शोधायची म्हटलं की माझा हात थांबत नाही. जिल्ह्याच्या साइटवर जुनी दप्तरं स्कॅन करून टाकलीत. तालुका शिरूर, गाव न्हावरे, मग कसला कागद हवा ते निवडायचं. सातबारा, फेरफार आणि गावची जन्म-मृत्यूची नोंदवही. एकेक पान उघडायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात भाजी निवडून होते. वाळवी लागलेली, शाई पसरलेली पानं. पण दादा, आपल्या गावच्या माणसांची नावं अशी पडद्यावर येताना पाहिली की अंगावर काटा येतो.

आप्पांची जन्मनोंद नाही सापडली, ते पान फाटलंय. आपल्या घरची पहिली सापडली ती मृत्यूची. सन १९५८. ठकूबाई, भ्रतार मारुती भैरू. वय वीस. जातीच्या रकान्यात तुला हवा आहे तोच शब्द, स्वच्छ अक्षरात. तेव्हा सुरजचं काम झालंच म्हण.

पण मारुती भैरू म्हणजे आपले आप्पा. आणि आपली आई ठकूबाई नव्हती. आईच्या आधी आप्पांचं एक लग्न झालं होतं हे तुला ठाऊक होतं का? मला कुणी म्हणजे कुणी कधी सांगितलं नाही. कारणाच्या रकान्यात लिहिलंय, "पाणी शेंदताना पाय घसरून विहिरीत पडून."

आपलीच विहीर असणार. दुसरी होती कुठं तेव्हा?

कळव.
अनसा


दौंड
२६ ऑगस्ट २०२५

दादा,

तुझं उत्तर मिळालं. चारच ओळी. "जुनं उकरत बसू नगं. जातीच्या रकान्याचं पान तेवढं धाड." ठकूबाईबद्दल हो नाही की नाही नाही. म्हणजे ठाऊक होतं.

पान पाठवीन. पडताळणीला एकच कागद पुरत नाही, म्हणून मी आणखी मागं गेले. सन १९३१ ची वही मोडीत आहे, ती मला येत नाही. कॉलनीत हौसराव म्हणून निवृत्त गार्ड आहेत. उतारवयात हौसेनं मोडी शिकले आणि आता सगळ्या दौंडाचे कागद वाचून देतात. त्यांना घरी बोलावून पोहे दिले, आधी १९५८ चं पान दाखवलं आणि मग हे. त्यांनी बोट ठेवत वाचलं. चंदी, भ्रतार भैरू. वय अठरा. जात तीच. कारण, पाणी शेंदताना पाय घसरून विहिरीत पडून.

हौसराव म्हणाले, "बाई, हे आधीचंच पान पुन्हा उघडलं का?" मी म्हटलं, नाही, हे सत्तावीस वर्षं आधीचं.

भैरू म्हणजे आपले आजोबा. आजीचं नाव चंदी नव्हतं.

या वहीत शेवटी आणखी एक रकाना असतो. खबर देणाराचे नाव. घरात कुणी गेलं की पोलीस पाटलाकडे जाऊन सांगायचं, त्या माणसाचं नाव. मी न्हावऱ्याची शंभरेक पानं चाळली असतील. सगळीकडे बाप्ये आहेत. नवरा, भाऊ, चुलता, नाहीतर कोतवाल. आपल्या घरच्या या दोन नोंदींत मात्र तसं नाही. १९३१ ला खबर दिली धोंडीनं, भैरूची बहीण, वय अकरा. १९५८ ला दिली गितानं, मारुतीची बहीण, वय नऊ. म्हणजे शिरूरची आपली गिताआत्या. घरात दोन-तीन धडधाकट बाप्ये असताना परकरातल्या पोरींना चावडीवर कशाला पाठवलं असेल?

दादा, तुला नुसतं विचारलंय. रागावू नकोस.

अक्षदा, इथून पुढचं तुझ्यासाठी आहे. मोठ्यानं वाचू नकोस. मामंजींना सांग, पुढं सगळ्यांना आशीर्वाद लिहिलेत.

मागच्या पत्राच्या तळाला तू मुंगीएवढ्या अक्षरात विचारलं होतंस, "आत्या, ठकूबाईंना मूल होतं का?" मी ते चष्मा पुसून तीनदा वाचलं. नाही पोरी, नव्हतं. जन्माच्या नोंदी पाहिल्या. ठकूबाईच्या लग्नाला चार वर्षं झाली असावीत. चंदीलाही नव्हतं. दोघींच्या मागं वर्षाच्या आत दुसरी आली आणि दुसरीला झालं. तुझ्या लग्नाला तीन वर्षं झाली हे मला ठाऊक आहे. सुरजसाठी पाटसकडची एक मुलगी बघून ठेवलीय, असं इथं दौंडात आपल्याच पावण्यांत बोलतात. तू सोडचिठ्ठीला नाही म्हणालीस हेही कानावर आलं. तुझा फोन सुरजकडं असतो, म्हणून पत्रात लिहिते. तुला आईबाप नाहीत आणि मामानं लग्न लावून हात झटकले. म्हणून मीच सांगते. पाणी भरायला एकटी जाऊ नकोस. जमेल त्या दिवशी दौंडची एसटी धर. स्टँडवर उतरून रेल्वे कॉलनी विचार. माझं नाव कुणीही सांगेल.

अनसा


दौंड
८ सप्टेंबर २०२५

दादा,

तेरा दिवस झाले, उत्तर नाही. सुरजला फोन केला तर त्यानं "शेतात हाय, मागनं लावतो" म्हणून ठेवला. अक्षदाला दे म्हटलं होतं.

हे पत्र जो कुणी वाचेल त्यानं सगळंच्या सगळं मोठ्यानं वाचायचं. काही गाळायचं नाही.

काल रविवार, मी शिरूरला आत्याकडं गेले होते. शहात्तर झाली. घोडनदीच्या अंगाला नातवाच्या घरी वरच्या खोलीत असते. १९५८ चं पान छापून नेलं होतं. तिला वाचता येत नाही, पण "हे तुझं नाव" म्हणून बोट ठेवलं, तशी तिनं पान मांडीवर घेतलं आणि कितीतरी वेळ त्यावरून हात फिरवत बसली. मला वाटलं रडेल. रडली नाही. म्हणाली, "माज्या नावाचा कागुद अजून हाय म्हन की. मला वाटलं, चावडीसंगं ग्येला आसंल."

मग सांगितलं तिनं. तिची वहिनी ठकूबाई विहिरीवर गेली तेव्हा आत्या तिथं नव्हतीच. ती गोठ्यात शेण काढत होती. आजोबांनी तिला बोलावून ज्वारीच्या पोत्यावर बसवलं आणि वाक्य सांगितलं. तीनदा म्हणवून घेतलं. मग चावडीवर नेऊन उभं केलं. लहान पोरीला कोण उलटं विचारतंय? आणि पुढं पोरगी लग्न होऊन परक्या घरी जाते, तिच्याबरोबर तिचं बोलणंही जातं. हे आत्याचं म्हणणं. तिला ते सासरी गेल्यावर कळलं.

मी तिला विचारलं, काही दिलं होतं का गं तुला? ती म्हणाली, "नवं परकर-पोलकं. आंजिरी रंगाचं."

आता माझं ऐक, दादा. १९८४ ची नोंद साइटवर नाही, तेव्हाच्या वह्या अजून चढवलेल्या नाहीत. मला तिची गरजही नाही. शालनवहिनी, भ्रतार चांगदेव मारुती, म्हणजे तू. वय एकोणीस. पाणी शेंदताना पाय घसरून विहिरीत पडून. खबर देणाराचे नाव अनसा, वय दहा.

शालनवहिनी माझी वेणी घालायची. घट्ट घालायची, डोळे वर ओढले जायचे, मी ओरडले की हसायची. तिच्या माहेरची बडीशेप ती मला चोरून द्यायची. मी तिच्याजवळ झोपायचे, तू रागवायचास.

त्या आधी महिनाभर आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, शालनला चक्कर येते, परवा विहिरीपाशी पाय घसरला होता. मी तिला एकदाही चक्कर येताना पाहिलं नाही. त्या दिवशी आप्पांनी मला पोत्यावर बसवलं. "वैनी घागर घिऊन पान्याला गेली, आन् पाय घसारला. म्हन." मी म्हटलं. तीनदा म्हटलं. आणि म्हणताना मला समोर घागर दिसत होती, दादा. उतरंडीजवळ, कोरडी, पालथी घातलेली. दुसरी घागर आपल्याकडे नव्हती. तुलाही दिसत होती, तू तिच्याशेजारीच उभा होतास. तू माझ्याकडे पाहिलंस आणि घागर उचलून बाहेर नेलीस.

तू तिला ढकललंस असं मी म्हणत नाही. कुणी ढकललं ते मी पाहिलेलं नाही. तू घागर नेलीस एवढं पाहिलंय.

त्या दिवसापासून मला त्या विहिरीचं पाणी गिळवत नाही. तुला वाटलं बहिणीला रेल्वेचा माज आला. मी तुझ्या रागाच्या आड लपून बसले आणि चाळीस वर्षं काढली. याची मला लाज वाटते.

आणि एक गोष्ट मला काल आत्याच्या खोलीत कळली. मलाही फ्रॉक मिळाला होता. पिवळा, पुढं लेस लावलेला. मी इतकी वर्षं समजत होते की तो मी रडू नये म्हणून दिला. काल आत्या म्हणाली, परकर-पोलकं आदल्या दिवशी आलं होतं, ते नेसूनच ती चावडीवर गेली. मग मलाही आठवलं. मी तोच पिवळा फ्रॉक घालून पोत्यावर बसले होते. वहिनीनंच सकाळी त्याची मागची बटणं लावून दिली होती.

फ्रॉक आधी आला होता, दादा.

या आठवड्यात उत्तर दे. अक्षदाच्या हातचं दे.

अनसा


शिरूर
१२ सप्टेंबर २०२५, सकाळी

दादा,

तुझं उत्तर काल संध्याकाळी मिळालं. माझ्या दुसऱ्या पत्राचं असावं, तिसरं तेव्हा तुला पोचलं नव्हतं. पाकिटावरचं अक्षर अक्षदाचं नव्हतं. पेन्सिलीचं, मोठं मोठं, ओळीच्या बाहेर जाणारं. सुरजच्या भावाच्या, ईश्वरच्या सोनमचं. तुझी नात नऊ वर्षांची आहे ना?

तुझा मजकूर असा. "सूनबाईची तब्येत बरी नसती. चक्कर येती. परवा विहिरीपाशी पाय घसरला, थोडक्यात वाचली. म्हणून सोनम लिहिती. जातीचं पान लवकर धाड. बाकी क्षेम."

त्याखाली सोनमनं तिच्या मनानं लिहिलंय. तू सांगितलेलं नसणार, तुला दिसतही नसणार. जसंच्या तसं उतरवते.

"अनसाआज्जी, तुझं मागचं पत्र मीच वाचलं. काकू रानात होती. सगळं वाचलं, एक पण शब्द सोडला नाही. तू काकूला लिहिलेलं पण वाचलं. आबा शाब्बास म्हणाले. आता काकू पत्र वाचत नाही. आबांनी मला बाजारातून नवीन फ्रॉक आणला. माझा वाढदिवस पण नाही."

मी कसली शहाणी. रजिस्टरांत वीस वर्षं घालवली आणि एवढं सुचलं नाही, की मोठ्यानं वाचू नकोस असं लिहिलेलंसुद्धा मोठ्यानं वाचलं जातं. घरात अक्षर ओळखणारी दुसरी पोर आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. अक्षदाला सावध करायला गेले आणि तिला तुमच्या हातात दिलं. तिला काही झालं असलं तर त्यात माझाही हात आहे.

पहाटेच्या पहिल्या गाडीनं शिरूरला आले. आत्याला म्हटलं, जिना उतरवेल का तुला? ती लुगडं नीट करून तयारच बसली होती. रिक्षानं दोघी पोलीस ठाण्यात गेलो. टेबलाशी एक तरुण पोलीस बाई होती. अजून चहा यायचा होता. मी म्हटलं, खबर द्यायचीय. तिनं वही ओढली.

"मयताचं नाव?"

"अजून कुनी मेलं न्हाई."

तिनं पेन थांबवलं. "मग खबर कसली देताय, मावशी?"

"आमच्या घरची खबर कायम मागनं येती," मी म्हटलं. "ह्या वक्ताला आधी आनलीया."

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. मी तिच्यापुढे १९३१ चं पान ठेवलं, हौसरावांनी खाली मराठीत उतरवून सही केलेलं. मग १९५८ चं. मग सोनमचं पत्र. तिनं फ्रॉकपर्यंत वाचलं, परत पहिल्या पानाकडे वळली आणि माझं म्हणणं विचारलं. घागरीचं सांगितलं. पोत्याचं सांगितलं. तुझं नाव सांगितलं. आत्या मध्येच म्हणाली, "माजं बी लिवा. मी नवाची हुते तवा खोटं बोलले." तिचा अंगठा घेतला. माझी सही घेतली. दोन्ही जबाबांवर खबर देणाराचं नाव पुन्हा आमचंच आहे, पण या वेळी वाक्य कुणी शिकवलेलं नाही.

तिनं साहेबांना उठवून आणलं. सुरजचा फोन लावला तर बंद लागला. आता गाडी काढतायत. दोन बायका पोलीस, एक साहेब आणि मी. आत्याला इथंच बसवलंय. हे मी बाकावर बसून लिहितेय. पोस्टात टाकायचं नाही, दारात आले की तुझ्या हातात द्यायचं.

तुला हवा होता तो जातीचा कागद सोबत आहे, दोन्ही सालांचा. माझा शब्द मी मोडला नाही. सुरजला वापरायचा असला तर वापरू दे. पडताळणीच्या टेबलावर जो बसेल तो शेजारचे रकानेही वाचेल एवढं ध्यानात ठेव.

डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा हे तुला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. सोनमनं वाचायचं नाही. तिला मी शेजारी घेऊन बसणार आहे आणि तो फ्रॉक तिच्या अंगातून काढून माझ्या पिशवीत भरणार आहे. सुरजनंही वाचायचं नाही. वाचणार अक्षदाच.

येताना मी दौंडहून पाण्याची बाटली आणलेली नाही. एक्केचाळीस वर्षांनी तुझ्या दारात तुझ्या विहिरीचं पाणी मागणार आहे. मी पायरीवर बसेन. लेक माहेरी आली की सून पाणी घेऊन बाहेर येते, तशी तिनं तांब्या घेऊन बाहेर यायचं.

तिनंच आणायचं, दादा. दुसऱ्या कुणाच्या हातचं मी घेणार नाही.

अनसा